धोरण-अभ्यास केंद्राने आधी शहर पायी हिंडावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गेल्या महिन्यात माझ्या नातीने पदव्युत्तर शिक्षणाचे अर्ज भरताना परगावच्या एका विद्यापीठाच्या 'सार्वजनिक नीति केंद्रा'चे माहितीपत्रक मला वाचायला दिले. आमच्या घरातल्या वयोवृद्ध आत्याबाईंनी त्याचा नुसता मथळा वाचला आणि विचारले, "नीती सार्वजनिक कशी असेल? ती ज्याची त्याची." इंदुरात जन्म काढलेल्या मराठी माणसाला हा घोटाळा नवा नाही. हिंदीतली नीति म्हणजे आपले धोरण आणि मराठीतली नीती म्हणजे सदाचार, त्यामुळे कोणतीही पाटी वाचताना ती कोणत्या भाषेत वाचायची हे आम्हांला आधी ठरवावे लागते. हसून झाल्यावर मी पत्रक शेवटपर्यंत वाचले आणि त्यातल्या 'संशोधनाची क्षेत्रे' या पानावर जो अडलो, तो अजून तिथेच आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या पानावर आरोग्य, शिक्षण, नागरी प्रशासन, पर्यावरण व हवामानबदल, सार्वजनिक वित्त, रोजगार, सामाजिक न्याय, तंत्रज्ञान आणि शासन अशी नावे एकाखाली एक छापली होती. एकाही नावाला नाव ठेवावे असे काही नाही. पण विद्यापीठाच्या गावाचे नाव बदलून तिथे दुसरे कोणतेही गाव घातले असते, तरी त्या पानावरचे एक अक्षर हलवावे लागले नसते, हे मला खटकले. माझी नोकरी राज्याच्या सांख्यिकी खात्यात गेली. तिथे पहिल्याच वर्षी आमच्या वरिष्ठांनी शिकवले होते की, कागदावर 'पाणी' असे लिहून रकाना आखता येत नाही. किती घरांना, किती दिवसांआड, किती वेळ आणि किती पैशांत, असे विचारल्यावरच रकाने पडतात. संशोधनाच्या क्षेत्रांचेही तेच आहे. क्षेत्र सांगणे सोपे असते, कारण त्याने कोणाला काहीच विचारलेले नसते. प्रश्न विचारला की उत्तर देणारा कोणीतरी ठरतो, आणि तो बहुधा खुर्चीवर बसलेला असतो.

देवी अहिल्या विद्यापीठ १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९८८ साली त्याला आजचे नाव मिळाले. आय. आय. एम. १९९६ पासून आणि आय. आय. टी. २००९ पासून इथे आहे. या गावात अभ्यासकांची वाण नाही. यांपैकी कोणी किंवा पुढे आणखी कोणी सार्वजनिक धोरणाचे केंद्र चालवील, त्याने आपली संशोधनक्षेत्रे इंदूरच्या रस्त्यांवर शोधावीत, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि ही मागणी काही नवी नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने ते याच शहरात करून दाखवले आहे.

पॅट्रिक गेडिस हा मूळचा जीवशास्त्राचा स्कॉटिश प्राध्यापक. होळकर दरबाराने त्याला बोलावले तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती, आणि त्याने इंदूरच्या नगररचनेवर दरबाराला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. आधी पाहणी आणि मग आराखडा, असा त्याचा क्रम होता, आणि पाहणी म्हणजे त्याच्या लेखी गल्लीबोळ पायी हिंडणे. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याची त्या काळी चाल होती. त्याऐवजी एखादे पडके घर हलवून, एखादा चौक मोकळा करून, एखादी विहीर साफ करून वस्ती सुधारता येते, असे तो सांगत असे. नकाशावर रेघ मारणाऱ्याला दिसत नाही ते रस्त्यावर उभे राहिल्यावर दिसते, हा त्याचा अनुभव होता. त्याच्या अहवालात मध्य भारतासाठी इंदुरात विद्यापीठ असावे, अशी मांडणीही आहे. म्हणजे धोरणाचा अभ्यास आणि विद्यापीठ यांची सांगड या शहराच्या बाबतीत विद्यापीठाच्या जन्माआधी जवळजवळ अर्धशतक घातली गेली होती, आणि आज ती जुळवताना आपण परगावची माहितीपत्रके चाळतो आहोत.

त्याच्या चरित्रांतून सांगितली जाणारी दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट जुन्या इंदूरकरांनी कदाचित ऐकली असेल. एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेऊन गेडिसने एक मिरवणूक काढली, आणि ज्या भागातली घरे जास्तीत जास्त साफसूफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्यांवरून ती नेली जाईल, असे आधी जाहीर केले. नेहमीच्या हत्तीघोड्यांच्या मागून प्लेगच्या उंदराची आणि अस्वच्छतेच्या राक्षसाची भली मोठी सोंगे आली, आणि त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार आपापल्या रंगवलेल्या गाड्यांसह आले. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून घरोघर झाडलोट झाली आणि कचऱ्याच्या किती गाड्या शहराबाहेर गेल्या याची चर्चा पुढे बरेच दिवस चालली, म्हणतात. मला यात गंमत वाटते ती सोंगांची नाही. लोकांनी कशासाठी वागणूक बदलावी, याचा विचार त्या माणसाने हुकूम काढण्याआधी केला होता. आज ज्याला 'वर्तनबदल' असे जड नाव देऊन परिषदा भरवतात, तो हाच विषय. हाच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचा प्रमुख झाला आणि १९२४ मध्ये त्याच्यानंतर ती जबाबदारी डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे गेली, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको.

स्वच्छतेचा विषय निघालाच आहे तर तोच प्रश्न आजच्या इंदूरला विचारावा. २०१७ साली स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर देशात पहिले आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. मला याचा अभिमान आहे. सकाळी गाडीचे गाणे वाजले की मीही कचऱ्याचे डबे वेगवेगळे घेऊन खाली उतरतो. परंतु या यशावर जे लिहिले जाते त्यातले बहुतेक यशोगाथा या सदरात मोडते. देशभरातून पाहुणे येतात, गाड्या पाहतात, छायाचित्रे घेतात आणि जातात. धोरण-अभ्यास केंद्राने विचारावे ते असे की, पहाटे रस्ते झाडणाऱ्या माणसाच्या पाठीचे, गुडघ्यांचे आणि छातीचे या काळात काय झाले, त्याची नोकरी कायम की कंत्राटी, आणि पूर्वी कचरा वेचून पोट भरणाऱ्या बायका आता कुठे आहेत. शहर पहिले आले याचा हिशेब प्रमाणपत्रात असतो, पण या माणसांचा हिशेब कोणीतरी मुद्दाम बसून करावा लागतो. ओल्या कचऱ्याचे खत करण्याची जी रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत बसवली, आणि ती बसवताना इथल्या शेतकऱ्यांच्या रीतीभाती बारकाईने पाहिल्या. आपल्या शहराच्या नावाने एक पद्धत जगात चालते आणि आपल्या शाळांतल्या मुलांना ती ठाऊक नसते, हे जाता जाता.

खरा मोठा प्रश्न पाण्याचा. नर्मदा इथून सुमारे ७० किलोमीटर दूर, विंध्याच्या पायथ्याशी वाहते. १९७०च्या आंदोलनाने हे पाणी मागितले आणि १९७८ साली ते नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी वर चढून शहरात आले. तेव्हापासून प्रत्येक थेंबामागे विजेचे बिल आहे, आणि पाण्याच्या खर्चात वीज हाच मोठा भाग आहे. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सामान्य लोकांना खुले केले, आणि ते मागणीपुढे कमी पडले. हा प्रयोग चांगलाच आहे. पण ते रोखे ज्यांनी घेतले त्यांना वर्षाला सव्वाआठ टक्के व्याज द्यायचे आहे, तेव्हा विजेत होणारी बचत त्या व्याजाला पुरते का, हे दरवर्षी कोणीतरी त्रयस्थाने तपासून छापायला हवे. बहुतेक घरांना मीटर नाही आणि ठरावीक मासिक आकार आहे. म्हणजे दोन खोल्यांचे घर आणि मोठा बंगला यांच्या वापरातला फरक बिलात उमटत नाही. मीटर बसवावेत असे म्हणणे सोपे आहे, मात्र एकाआड एक दिवस आणि ठरल्या वेळेपुरतेच येणाऱ्या पाण्याला मीटर लावून काय साधेल, हाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला माझ्या घरात बसून देता येत नाही. ज्या वस्त्यांना नळच नाही, त्या टँकरला किती मोजतात? माझी खात्री आहे की, हे एक पान नीट भरले तर शहराच्या अंदाजपत्रकावरची चर्चा बदलेल.

शिवाय हे पाणी इंदुरातच थांबत नाही. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी आणखी वर चढवून क्षिप्रेत सोडण्यात आले, आणि त्याच क्षिप्रेला उज्जैनजवळ त्रिवेणीपाशी आपल्या शहरातून गेलेली कान्ह नदी मिळते. एका बाजूने लांबून चढवून आणलेले पाणी ओतायचे आणि दुसऱ्या बाजूने आपल्या गटारांनी मळलेली नदी त्यात मिळू द्यायची, हा व्यवहार माझ्या घरच्या हिशेबातही कोणी खपवून घेतला नसता. २०१६च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी वळवण्याची योजना झाली. आता २०२८च्या सिंहस्थासाठी पुन्हा खर्च होत आहे. नाल्यांत मिळणारे सांडपाणी अडवल्याबद्दल २०२१ साली इंदूरला 'वॉटर प्लस' दर्जा मिळाला होता. तो दर्जा आणि आज कान्हच्या काठी उभे राहिल्यावर नाकाला जे कळते ते, या दोन्हींचा मेळ घालणारा अभ्यास इंदूर आणि उज्जैन या दोन शहरांत मिळूनच करावा लागेल. एका महापालिकेची हद्द जिथे संपते तिथे बहुतेक अभ्यास संपतात, नदी मात्र संपत नाही.

आता रस्त्यांविषयी, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, क्षमा असावी. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा साडेअकरा किलोमीटरचा बी. आर. टी. एस. मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेला रस्त्याचा पट्टा, २०१३ साली सुरू झाला. मी रोज त्याने जात असे. बस वेळेवर येई, बसायला जागा मिळे, आणि बाजूच्या रस्त्यात अडकलेले मोटारवाले आमच्याकडे रागाने पाहत, तेही मला आठवते. त्यांचा राग खोटा नव्हता, कारण त्यांच्या वाट्याचा रस्ता खरोखरच अरुंद झाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मार्ग काढून टाकण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला संमती दिली. मार्ग ठेवायला हवा होता की नको, याविषयी माझे मत आहे, पण ते इथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, एवढा खर्च करून बांधलेली गोष्ट बारा वर्षांच्या आत मोडताना, ती बसमध्ये बसणाऱ्यांना किती उपयोगी पडली, मार्गाने जीवघेणे अपघात वाढवले की कमी केले, आणि काढल्यावर वाहतूक किती वेळ मोकळी राहिली, याचा एकही त्रयस्थ हिशेब सामान्य वाचकाच्या हाती पडला नाही. भोपाळनेही आपला असाच मार्ग २०२४ मध्ये काढला. एकाच राज्यातील दोन शहरांनी एकच निर्णय घेतला आणि उलटवला, तो अभ्यासकाला आयता मिळालेला विषय आहे. ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो आणखी मोठा आणि आणखी महाग निर्णय आहे. बी. आर. टी. एस.चा धडा नीट लिहिला गेला असता, तर मेट्रोच्या वेळी तो उघडून पाहता आला असता.

माझ्या मते मागे घेतलेले, अर्धवट सोडलेले आणि उलटवलेले निर्णय हे धोरण-अभ्यास केंद्राचे पहिले क्षेत्र असावे. यशाचा अभ्यास करायला पैसा मिळतो, अपयशाच्या अभ्यासाला कागदपत्रेही मिळत नाहीत, आणि म्हणूनच ते काम विद्यापीठाचे ठरते. १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होईल, असा हुकूम निघाला. तो बरोबर की चूक यावर चौकाचौकांत पुष्कळ बोलले गेले. परंतु सिग्नलवरून दिसेनासे झालेले ते म्हातारे आणि ती मुले आज नेमकी कुठे आहेत, निवाऱ्यात आहेत, शाळेत आहेत, की शेजारच्या शहरात गेली आहेत, हे कोणी मोजले आहे का? तसेच २०२० पासून २०२२ पर्यंत या शहराला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांनी चालवला. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली, तिने घटनेला जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अठरा विषय दिले आहेत, आणि तरीही दोन वर्षे लोकप्रतिनिधींवाचून शहर चालले. त्या दोन वर्षांत कोणते निर्णय लवकर झाले आणि कोणाची गाऱ्हाणी पडून राहिली, याची तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षांशी करता येते. विषय नाजूक आहे, म्हणूनच एखाद्या कंत्राटी सल्लागाराने तो हाती घेण्यापेक्षा विद्यापीठाने घेतलेला बरा.

एका दुर्दैवी दिवसाचा उल्लेख टाळता येत नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, पटेल नगरातील मंदिरात झाकलेल्या बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळून ३६ माणसे गेली. त्यानंतर शहरातल्या झाकलेल्या बावड्या शोधण्याची धावपळ झाली. जुन्या इंदुरात पाण्याचे कोणते साठे कुठे होते, त्यांवर केव्हा आणि कोणाच्या परवानगीने बांधकाम झाले, याची नोंदवही तयार करणे हे दिखाऊ संशोधन नाही, त्यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेखही छापून येणार नाही; पण धोरणाचा पाया अशाच नोंदवहीवर उभा राहतो.

आरोग्य आणि शिक्षणावर मी फारसे लिहीत नाही, कारण त्या विषयांवर माझ्यापेक्षा जाणती माणसे आपल्या वाचकांत आहेत. मात्र एक उदाहरण सांगतो. सयाजीराव गायकवाड महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली आधी अमरेली भागात करून पाहिला आणि मग १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानात लागू केला. मधल्या तेरा वर्षांत काय जमले आणि काय फसले ते पाहायला वाव राहिला. आधी थोड्या जागी करून पाहावे, मोजावे, आणि मग पसरावे, ही शिस्त आपल्याकडच्या मराठी संस्थानिकांना ठाऊक होती. आजच्या योजना एकाच दिवशी राज्याच्या पंचावन्न जिल्ह्यांत सुरू होतात आणि त्यामुळे तुलना करायला कोणताच जिल्हा बाहेर उरत नाही.

आकडे हाच माझा धंदा असल्यामुळे त्यांच्याविषयी थोडे. शेवटची जनगणना २०११ची आहे. तेव्हा शहराची लोकसंख्या जवळपास वीस लाख होती. त्यानंतर आसपासची गावे महापालिकेत आली, सुपर कॉरिडॉरला वस्ती झाली, आणि तरी पाणी, शाळा, दवाखाने यांचे दरमाणशी हिशेब अजून त्या जुन्या संख्येवर किंवा तिच्या अंदाजी वाढीवर चालतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने, १९३० साली स्थापन झाल्यावर, धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची घरोघर जाऊन आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती. जनगणनेची वाट पाहत ती संस्था बसली नाही. आपल्या ८५ प्रभागांतून दरवर्षी काही ठरावीक घरांना भेट देणारी अशी पाहणी विद्यापीठाचे विद्यार्थी करू शकतात, आणि पाच वर्षे सलग केली तर तिच्यासारखा दस्तऐवज दुसरा नसेल.

मात्र ती पाहणी छापली गेली पाहिजे. नोकरीत असताना आम्ही एका कार्यालयासाठी एका वस्तीतील काही शे घरांची माहिती गोळा केली होती. पावसाळ्यात, गुडघाभर चिखलातून. निष्कर्ष त्या कार्यालयाला गैरसोयीचे निघाले आणि भरलेले अर्ज एका लोखंडी पेटीत गेले. निवृत्तीच्या दिवशी मी ती पेटी त्याच कोपऱ्यात पाहिली. ज्या बायकांनी आम्हांला चहा पाजून आपल्या घरचे खर्च सांगितले होते, त्यांना आम्ही काहीच परत दिले नाही, ही बोच मला आजही आहे. म्हणून केंद्राला पैसा कोणी दिला हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असावे, निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तरी तो छापण्याचा हक्क विद्यापीठाने करारातच राखून ठेवावा, आणि अहवालाचा गोषवारा हिंदीत व शक्य तिथे मराठीत निघावा. इंग्रजी अहवाल मंत्रालयात जातो, पण वस्तीत पोहोचत नाही, आणि ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांनाच ते वाचता येत नाही. गेडिसच्या अहवालातील इंदूरच्या वस्त्यांविषयीच्या भागाचे मराठी आणि हिंदी भाषांतर हे अशा केंद्राचे पहिले प्रकाशन व्हावे, असे मला फार वाटते.

माझ्या नातीने अर्ज भरला, आणि संशोधनाच्या आवडीच्या क्षेत्राच्या रकान्यात मी सुचवले तसे 'नळाचे पाणी' असे न लिहिता 'नागरी प्रशासन' असेच लिहिले; तिच्या मते तसे लिहावे लागते. असो. माझ्याकडे गेल्या बारा वर्षांची एक वही आहे, जीत आमच्या वाड्यातल्या नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आले आणि किती वाजता गेले, हे मी रोजच्या रोज टिपले आहे. मधली काही पाने आजारपणामुळे कोरी आहेत आणि तसे तिथे लिहिले आहे. इंदुरातल्या कोणत्याही संस्थेतील विद्यार्थ्याला ती अभ्यासासाठी हवी असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे; मी ती स्वतः नेऊन देईन आणि अक्षर लागत नसेल तिथे वाचूनही दाखवीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
सांख्यिकी खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
रामबाग, इंदूर